किरकोळ

(दहावीच्या १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे. टाळ्या आणि मागच्या बाकांवरच्या शेरेबाजीला कात्री लावली आहे.)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू पंधरा मिनिटं बोल. तुझ्या कामाबद्दल बोल, पण कॉम्प्युटरचं फार नको." तीस वर्षांनी भेटतोय, त्यामुळे मलाही कॉम्प्युटरचं फार नकोच आहे. सकाळपासून तिघांनी मला लॅपटॉप का हँग होतो ते विचारून झालंय. तेव्हा मी माझ्या वडिलांच्या वहीबद्दल बोलते आणि तिथून एका आंतरराष्ट्रीय कराराकडे जाते. हे दोन्ही एकमेकांना कसे लागून आहेत ते मला स्वतःला फार उशिरा कळलं.

तुमच्यातल्या निम्म्यांना माहीतच आहे, आमचे आठ माग होते. शाळेतून घरी येताना आपल्या गल्लीत शिरलं की खटखट सुरू व्हायची आणि ती बंद झाली की आपण म्हणायचो, लाइट गेली. बाबांची हिशेबाची लाल कापडी बांधणीची वही होती. सातवीत गेल्यापासून महिनाअखेरीची बेरीज करायचं काम माझ्याकडे आलं. सूत, सायझिंग, तेल, धोटे, जॉबर, हमाली, लाइटबिल, गाळ्याचं भाडं. आणि सगळ्यात खाली एक शब्द, दर महिन्याला न चुकता: किरकोळ.

हा किरकोळ काही किरकोळ नसायचा. एकदा तो जॉबरच्या पैशांपेक्षा जास्त निघाला. मी विचारलं, "बाबा, हे काय?" ते म्हणाले, "तू फक्त बेरीज कर." त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट थोडा खाली गेला होता. पुढे वाटखर्च, चहापाणी, साहेबांचा माणूस, दिवाळी हे शब्द कानावर पडून पडून सगळं आपोआप समजलं, आपल्याकडच्या प्रत्येक पोराला समजतं तसंच. बाबा प्रामाणिक होते. कामगाराची मजुरी त्यांनी कधी एक दिवस पुढे ढकलली नाही. पण वहीत तो एक शब्द होता आणि तो खोटा आहे हे त्यांना माहीत होतं.

आता माझं काम. मी इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये गेले. गेली काही वर्षं आमची टीम कंपन्यांच्या खर्चाच्या नोंदी तपासणारी प्रणाली बनवते. लाखो नोंदी असतात, त्यातल्या संशयास्पद वेगळ्या काढायच्या. त्यासाठी नियम लिहावे लागतात: रक्कम गोल आकड्यात आहे का, पावती नाही का, सरकारी परवान्याच्या आधी दोन दिवस रोख रक्कम निघाली आहे का. एक नियम असतो शब्दांचा. खर्चाच्या वर्णनात 'इतर', 'संकीर्ण', 'जनसंपर्क' असं मोघम काही लिहिलेलं असेल, तर त्या नोंदीपुढे लाल खूण. ही शब्दांची यादी करताना माझा हात थांबला. यादीत भारतीय भाषांतले शब्द माझ्याकडे आले होते आणि मराठीचा पहिला शब्द मी टाइप केला, किरकोळ.

हा नियम कुठून आला म्हणून शोधत गेले, तर संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारापर्यंत पोचले. एकूण ७१ कलमं आहेत, मी सगळी वाचली. कलम १२ खाजगी व्यवसायांबद्दल आहे. त्यात लिहिलंय की वहीबाहेरची खाती ठेवायची नाहीत, न झालेला खर्च दाखवायचा नाही आणि कशासाठी पैसे दिले ते चुकीचं लिहायचं नाही. व्हिएन्नाला बसून कोणीतरी भिवंडीतल्या आमच्या वहीचं शेवटचं पान वाचलं होतं असं मला वाटलं. अर्थात, ती वही फक्त आमचीच नव्हती. जर्मनीत १९९९ पर्यंत परदेशात दिलेली लाच कंपन्यांना आयकरातून वजा करता येत होती. त्या खर्चाला त्यांच्याकडे 'उपयुक्त खर्च' म्हणत. बाबा निदान 'किरकोळ' लिहून लाजत तरी होते!

हा करार ३१ ऑक्टोबर २००३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला मेक्सिकोतल्या मेरिडा शहरात देशांनी सह्या करायला सुरुवात केली. ९ डिसेंबर हा भ्रष्टाचारविरोधी दिन पाळतात तो त्यामुळेच. आता नागरिकशास्त्राच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे हे नीट सांगायला हवं. करारावर सही करणं आणि त्याचं अनुसमर्थन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही म्हणजे साखरपुडा. देश म्हणतो, आम्हाला स्थळ पसंत आहे, विरुद्ध वागणार नाही. अनुसमर्थन म्हणजे लग्न. तिथून पुढे करार बंधनकारक. आणि तेवढ्यानेही भागत नाही, कारण आपल्याकडे करार आपोआप कायदा होत नाही. राज्यघटनेच्या कलम २५३ प्रमाणे संसदेला तसे कायदे करावे लागतात. तो झाला संसार.

केनियाने मेरिडात साखरपुडा आणि लग्न एकाच दिवशी उरकलं, जगात पहिला नंबर. तीस देशांचं अनुसमर्थन झाल्यावर नव्वद दिवसांनी, १४ डिसेंबर २००५ ला, करार अमलात आला. श्रीमंत, शिस्तीचे म्हणून आपण ज्यांची नावं घेतो ते मात्र रेंगाळले. जर्मनीने सही पहिल्याच दिवशी केली, अनुसमर्थन नोव्हेंबर २०१४ मध्ये. अकरा वर्षं लागली, कारण खासदारांच्या लाचखोरीबद्दलचा कायदा त्यांना कडक करावा लागणार होता आणि तो खासदारांनीच करायचा होता. जपानने २०१७ उजाडवलं. आपण सही केली ९ डिसेंबर २००५ ला आणि अनुसमर्थन ९ मे २०११ ला. साडेपाच वर्षं साखरपुडा. आमच्या चाळीत एवढ्यात लोकांनी मुलीच्या बापाला गाठून विचारलं असतं!

तर जगाला विचारणारे हेच चाळीतले लोक असतात. स्वयंसेवी संस्थांनी २००६ मध्ये एक जागतिक आघाडी केली. प्रत्येक देशाच्या मागे लागायचं, अनुसमर्थन कधी करता, केलं तर कायदे कुठे आहेत, हे तिचं काम. पण आपल्याकडे हे काम त्याआधीच सुरू झालं होतं, तेही महाराष्ट्रात. करारात लोकांना माहिती मिळाली पाहिजे असं म्हटलं आहे. आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा नीट यावा म्हणून अण्णा हजारे ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानात उपोषणाला बसले होते. त्याच महिन्यात त्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. मेरिडाच्या चार महिने आधी. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला, म्हणजे आपल्या साखरपुड्याच्याही दोन महिने आधी. राळेगणमधल्या लोकांना मेरिडा कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नव्हती. अण्णांच्या पुढच्या राजकारणाबद्दल आपल्यात मतं वेगळी आहेत, काल रात्री आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती दिसलीच. पण हे काम त्या आधीचं आहे आणि ते झालेलं आहे.

एक गोष्ट मात्र मला हसत सांगता येत नाही. मेरिडाच्या बारा दिवस आधी, २७ नोव्हेंबर २००३ ला, गयामध्ये सत्येंद्र दुबे या इंजिनिअरला गोळी घालून मारलं. कानपूर आयआयटीतून सिव्हिल केलेला, जेमतेम तिशीतला मुलगा. सुवर्ण चतुष्कोन रस्त्याच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं होतं आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. ते पत्र नावासकट कार्यालयाकार्यालयांतून फिरलं. तपासयंत्रणेने पुढे खून लुटीसाठी झाला असं म्हटलं, २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. मी त्यावेळी पहिल्या नोकरीत होते. आमच्या ऑफिसात आम्ही सगळे इंजिनिअर जेवणाच्या टेबलावर ती बातमी वाचत होतो आणि कोणीच काही बोललं नाही. मला एवढंच कळलं की त्याने आपली ओळख दिली होती. पत्राखाली सही न करता, वेगळ्या कागदावर.

करारातलं कलम ३३ नेमकं याबद्दल आहे: जो तक्रार करतो त्याला संरक्षण द्या. आणि आपला साखरपुडा रेंगाळत असताना महाराष्ट्रात काय झालं? १३ जानेवारी २०१० ला तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी सकाळी फिरायला निघाले असताना त्यांची हत्या झाली. माहितीच्या अधिकारातून त्यांनी जमिनींचे व्यवहार बाहेर काढले होते. २५ जानेवारी २०११ ला, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलाच्या भेसळखोरांनी जिवंत जाळलं. त्या बातमीने आपलं राज्य हादरलं होतं, आठवतंय ना? एप्रिलमध्ये जंतरमंतरचं उपोषण झालं, ते ९ एप्रिलला सुटलं. बरोबर एक महिन्याने, ९ मे ला, भारताने अनुसमर्थन केलं. यातल्या एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, सरकारी फायली बऱ्याच आधीपासून हलत असतात. पण लोक गप्प बसले असते तर फाइल कुठवर गेली असती, याचा अंदाज आपण भिवंडीकर चांगला करू शकतो.

आता माझं.

२०१२ मध्ये बाबा गेले. गाळा आईच्या नावावर करायचा होता आणि त्यासाठी एका कचेरीतून एक कागद लागणार होता. कुठली कचेरी ते मी सांगणार नाही, तुम्हीही अंदाज करू नका. चार खेपा झाल्या. दर वेळी एक नवीन कागद कमी. पाचव्या खेपेला बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी एक गृहस्थ भेटले, फार सभ्य, मला ताई म्हणाले, बाबांना ओळखत होते म्हणाले. चार हजार. आई म्हणाली, "देऊन टाक गं, तुझ्या रजा संपतील." मी दिले. तिसऱ्या दिवशी कागद हातात.

त्याच आठवड्यात आमच्या कंपनीच्या वार्षिक प्रशिक्षणाची शेवटची तारीख होती. लाच देऊ नये, घेऊ नये, अमेरिकेचा १९७७ चा कायदा, ब्रिटनचा २०१० चा कायदा, शेवटी दहा प्रश्न. बाबांच्या खोलीत बसून, रात्री, आईच्या घरच्या रडक्या इंटरनेटवर मी ते केलं. दहापैकी दहा. 'मी हे वाचलं असून त्याचं पालन करीन' याच्या समोरच्या चौकोनात टिचकी मारली. मग बाबांच्या क्रियाकर्माचा आणि कागदपत्रांचा हिशेब भावाला पाठवायचा म्हणून एक्सेल उघडलं. ब्राह्मण, सामान, प्रवास, मुद्रांक. आणि चार हजारांपुढे मी लिहिलं, 'इतर'.

मी हे तुम्हाला सांगते आहे कारण त्याच महिन्यात आपल्या देशाच्या अनुसमर्थनाला एक वर्ष झालं होतं आणि मला ते माहीतसुद्धा नव्हतं. लग्न झालं होतं, वऱ्हाड घरी गेलं होतं, संसार मांडायचा राहिला होता. माझ्याकडून आणि सरकारकडूनही.

संसार काही अंशी मांडला गेला. लोकपाल कायदा झाला, पहिले लोकपाल बसायला २०१९ उजाडलं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती करताना या कराराचं कारण सरकारने लेखी दिलं. त्यानंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तपासयंत्रणेला कळवायचं, मग तुम्ही गुन्हेगार नाही. सात दिवस. व्यापारी मित्रांनो, हे लक्षात ठेवा, कारण तुमच्यापैकी तिघांना सकाळी विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं. आणि द्यायच्या आधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवलं तर प्रश्नच नाही. ते पंच घेऊन येतात, नोटांना ॲन्थ्रासीन पावडर लावतात, ती दिव्याखाली चमकते. रसायनशास्त्राच्या सरांनी हा प्रयोग आम्हाला दाखवला असता तर मागची बाकं जागी राहिली असती! माझ्या प्रसंगानंतर तीन वर्षांनी, २०१५ ला, राज्याचा लोकसेवा हक्क कायदा आला. अर्जाची तारखेसकट पोच घ्यायची, ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर अपील, दोन अपिलांनंतर आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. आईच्या दुसऱ्या एका कागदासाठी मी हा रस्ता घेतला. एकोणीस दिवस जास्त लागले. पण पोच दाखवल्यावर झेरॉक्सच्या दुकानापाशी कोणी भेटलं नाही.

काही गोष्टी मात्र तशाच पडून आहेत. भारतीय कंपनीने परदेशी अधिकाऱ्याला लाच दिली तर काय, यासाठी करारात कलम १६ आहे. आपलं विधेयक २०११ मध्ये लोकसभेत आलं, २०१४ ला लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. आज वेगळा कायदा नाही. आपल्यातले जे कापड आफ्रिकेत पाठवतात त्यांना हा विषय माझ्यापेक्षा जास्त कळतो. मला सर्वात जास्त टोचतो तो दुसरा विषय. तक्रारदारांना संरक्षण देणारा कायदा संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सही ९ मे २०१४ ला झाली. तारीख बघा, अनुसमर्थनाला बरोबर तीन वर्षं. पण तो कायदा लागू करायची अधिसूचना निघालेली नाही. कायद्याच्या पुस्तकात आहे, अमलात नाही. सत्येंद्र दुबे यांना जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली.

मी बाहेरच्या टीममध्ये काम करते तेव्हा तिथले लोक विचारतात, तुमच्या देशाने हा करार केला आहे ना? मी म्हणते, हो, केला आहे. जगातल्या १८० हून अधिक देशांनी केला आहे. या कराराची तपासणी कशी होते माहीत आहे? चिठ्ठ्या टाकून दोन देश निवडतात आणि ते तिसऱ्याचं काम तपासतात. आपण गणिताच्या तासाला वह्या अदलाबदल करून गृहपाठ तपासायचो, अगदी तसंच. आणि आपण काय करायचो तेही सर, आज सांगून टाकते: शेजारच्याची चूक दिसली तरी बरोबरची खूण करायचो, कारण आपली वही त्याच्याकडे असायची.

म्हणून बाहेरच्या तपासणीवर माझा फार भरवसा नाही. घरच्यांनी विचारलं पाहिजे. केनियात, जर्मनीत तेच झालं, आझाद मैदानात तेच झालं. आपण इथे सत्तर-ऐंशी माणसं आहोत. यात तीन वकील आहेत, दोन सरकारी नोकरीत आहेत, एक पत्रकार आहे, यंत्रमागवाले आणि गोदामवाले तर मोजायलाच नकोत. सरकारी नोकरीतल्या दोघांपैकी एकीने मला सकाळी बाजूला घेऊन सांगितलं, "तू बोल, मी टाळ्या वाजवणार नाही, पण मागे बसून ऐकीन." तिच्याकडे दाखवण्यासारखी एक फाइल आहे आणि त्या कायद्याची अधिसूचना निघेपर्यंत ती कोणाला दाखवणार नाही. तिला दोन मुलं आहेत. मी तिला 'दाखव' म्हणू शकत नाही.

तेव्हा माझी एकच विनंती आहे, फार मोठी नाही. आपल्या खासदारांना एक पत्र लिहिलं आहे. तक्रारदार संरक्षण कायद्याची अधिसूचना कधी निघणार, असा प्रश्न त्यांनी लोकसभेत विचारावा, एवढंच त्यात मागितलं आहे. खासदार कुठल्या पक्षाचे हा मुद्दा नाही, पुढच्या वेळी दुसरे आले तर त्यांनाही तेच पाठवू. ज्यांना नोकरीमुळे सही करता येत नाही त्यांनी करू नये, त्यांच्यासाठीच तर हे पत्र आहे. बाकीच्यांनी आधी वाचा. आमच्या प्रशिक्षणासारखी नुसती टिचकी मारू नका, दीड पानच आहे.

बाबांची शेवटची वही मी सोबत आणली आहे, ज्यांना बघायची त्यांनी बघा. शेवटच्या पानावर तो शब्द आहे, तो मी खोडलेला नाही. माझ्या एक्सेलमध्ये मात्र 'इतर' खोडून जे होतं ते लिहिलं. भावाने विचारलं, आता बारा वर्षांनी कशाला? मी त्याला आजच्या कार्यक्रमाचं आमंत्रण पाठवलं, तो तिकडे तिसऱ्या रांगेत बसला आहे.

पत्र चहाच्या टेबलाशेजारी ठेवलंय, पेनही आहे. मराठीच्या बाईंनी त्यातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मघाशीच दुरुस्त करून दिल्या आहेत, त्यामुळे आता पाठवायला हरकत नाही.